विंडोज १० काढून मिंट टाकलं, आणि लॅपटॉपचं वायफाय २८ वरून २ वर आलं

मृगबहार | २१ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. वरूड तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितोय. आंबिया बहाराची तोड चालू आहे, दिवसभर बागेत असतो, त्यामुळे उत्तर रात्रीच देता येईल. आधीच माफी मागतो.

लॅपटॉप २०१५ चा आहे. आय-३, पाचव्या पिढीचा, रॅम ४ जीबी. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ यावर बसत नाही, त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि प्रोसेसरही आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. याच मशीनवर बाबांचं बँकेचं काम होतं, म्हणून सुरक्षेच्या अपडेटशिवाय ते चालवायची मला भीती वाटली. मागच्या रविवारी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट २२ ही फुकट सिस्टीम टाकली, त्यातलं हलकं एक्सएफसीई वालं. मशीन हलकं झालं, पंख्याचा आवाज बंद झाला, सगळे खूश.

पण नेट गेलं. म्हणजे जोडलेलं दिसतं, पण चालत नाही. घरी केबलवाल्याचं फायबर आहे, ४० एमबीपीएसचा प्लॅन. विंडोजवर वायफायने २५ ते २८ मिळायचे. आता त्याच टेबलावर, त्याच खुर्चीत १.५ ते २. फोनवर त्याच वायफायला ३८ येतात.

धाकटी बहीण बँकेच्या परीक्षेची तयारी करते. संध्याकाळी ७ ते ९ ऑनलाइन क्लास असतो. सरांचा चेहरा थिजतो, आवाज तुटतो आणि परत येतो तेव्हा गणित तीन ओळी पुढे गेलेलं असतं. काल ती काही न बोलता लॅपटॉप बंद करून स्वयंपाकघरात गेली. क्लासची फी भरलेली आहे, परीक्षा जवळ आली आहे आणि मशीन बदलायचा निर्णय माझा होता. म्हणून मला हे लवकर सोडवायचं आहे.

आतापर्यंत केलेलं: राउटर बंद-चालू, मिंट पुन्हा एकदा टाकून पाहिलं, केबलवाल्याला फोन. तो म्हणाला, लाइन बरोबर आहे, लॅपटॉपमध्ये पाहा.

---

कपाशी_राळेगाव | २१ नोव्हेंबर, रात्री १०:१५

डीएनएस बदलून पाहा दादा. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही४ च्या टॅबवर 'ऑटोमॅटिक' बंद करायचं आणि १.१.१.१ किंवा ८.८.८.८ टाकायचं. माझ्याकडे पान उघडायलाच दहा-दहा सेकंद लागायचे, ते यानेच गेलं.

---

सेवाकेंद्र_दिग्रस | २१ नोव्हेंबर, रात्री १०:४०

भाऊ, माह्याकडं बी मागच्या महिन्यात असंच झालं, पण विंडोजवरच. नवं मशीन घेतलं, अकरा टाकलेलं. आपलं सेवा केंद्र हाय, पीएम किसानची केवायसी, शेतकरी ओळख क्रमांक, सातबारा, सगळं ऑनलाइन. लोकं सकाळपासून बाकड्यावर बसून राह्यले अन् पान काही उघडत नाही. म्हाताऱ्या बाया पाच-पाच किलोमीटरवरून पायी आलेल्या, त्याइले 'उद्या या' म्हनायचं जिवावर येते.

शेवटी टास्क मॅनेजर उघडून नेटवर्कच्या रकान्यावर क्लिक केलं, म्हंजे जास्त खाणारं वर येते. पाह्यतो त क्लाउडचा बॅकअप चालू. मशीन पहिल्यांदा सुरू करताना मीच 'पुढे, पुढे' दाबत गेलो होतो, तथीच त्याले परवानगी देल्ली. डेस्कटॉपवर चार वर्साचे स्कॅन केलेले कागद होते, ते समदे वर चढून राह्यले होते. आपल्या प्लॅनमधी वर जायचा स्पीड मुळातच कमी. तो भरला त खाली येणारं बी थांबते. बॅकअप थांबवला, नेटवर्क 'मीटर्ड' (म्हंजे मोजून वापराचं) करून टाकलं, दोन मिनिटांत साइट पळाली.

तुह्या मिंटमधी मागं काही डाउनलोड होऊन राह्यलं काय ते पाह्य.

---

आर्वीचे_काका | २२ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

मृगबहार, तुमची गोष्ट नीट वाचली. एक महत्त्वाचं काम तुम्ही न सांगता केलं आहे, त्याच वायफायवर फोन तपासला. फोनला ३८ येतात म्हणजे फायबर, केबलवाला आणि राउटर या तिघांना बाजूला ठेवता येतं. दुखणं राउटरच्या अँटेनापासून लॅपटॉपच्या आत कुठेतरी आहे. मी पस्तीस वर्षं टेलिफोनच्या तारांवर काम केलं. आम्ही फॉल्ट असाच शोधायचो. लाइन मधोमध तोडायची, कोणत्या अर्ध्यात खरखर आहे ते ऐकायचं, मग त्या अर्ध्याचे दोन भाग करायचे.

कपाशीताईंचा डीएनएसचा सल्ला चुकीचा नाही, पण लक्षण वेगळं आहे. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधणं. ते हळू असेल तर पान उघडायला सुरुवातीला वेळ लागतो, पण एकदा फाइल उतरायला लागली की पूर्ण वेगाने उतरते. तुमची स्पीड टेस्टच २ दाखवते आणि क्लास मध्येच तुटतो. डीएनएस त्याला जबाबदार नसतो.

दिग्रसच्या भाऊंनी सांगितलेलं फार मोलाचं आहे आणि त्यामागचं कारणही सांगतो. आपण काही उतरवतो तेव्हा आपल्याकडून समोरच्याला सारखी पोच जात असते, 'हा तुकडा मिळाला, पुढचा पाठव'. वर जाणारा रस्ता स्कॅनच्या फाइलींनी तुंबला की पोचसुद्धा रांगेत अडकते आणि समोरचा पाठवायचं थांबतो. म्हणून अपलोड भरला की डाउनलोडही मरतो. पण तसं असतं तर तुमच्या घरातला फोनही त्याच वेळी हळू झाला असता, कारण रस्ता एकच आहे. तो झाला नाही.

आता पुढे असं करा, आणि प्रत्येक वेळी आकडा वहीत लिहा.

आधी तार. कुणाकडून तरी लॅनची केबल आणा, राउटरचा आणि लॅपटॉपचा संबंध थेट जोडा, वायफाय बंद करा, टेस्ट घ्या. तारेवर पूर्ण वेग आला तर मिंट निर्दोष आहे, फक्त वायफायचा भाग उरतो. तारेवरही २ आले तर मग वेगळं बोलू.

मग वायफायचं कार्ड कोणतं ते शोधा. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडा. आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायची: एल-एस-पी-सी-आय, मग एक जागा सोडून आडवी रेघ आणि के. बरीच यादी येईल. त्यात 'नेटवर्क कंट्रोलर' असं जिथे लिहिलं असेल ती ओळ आणि तिच्या खालच्या तीन ओळी इथे द्या. कार्डाचं नाव आणि ड्रायव्हरचं, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामचं, नाव दोन्ही तिथेच असतं.

शेवटी सिग्नल. आय-डब्ल्यू, जागा, डी-ई-व्ही, जागा, कार्डाचं टोपणनाव, जागा, एल-आय-एन-के. टोपणनाव बहुतेक डब्ल्यू-एल-पी ने सुरू होतं, नुसतं आय-डब्ल्यू डी-ई-व्ही दिलं की दिसेल. उत्तरात 'सिग्नल' समोर उणे आकडा येतो. तो राउटरपासून तीन फुटांवर बसून घ्या आणि मग बहिणीच्या खोलीत घ्या.

इंटरनेटवर कुठून तरी दुसरा ड्रायव्हर उतरवून बसवायचा सल्ला तुम्हाला मिळेल. आत्ता नको. बाहेरून बसवलेला ड्रायव्हर कर्नलच्या, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याच्या, प्रत्येक अपडेटनंतर पुन्हा बांधावा लागतो. तो बांधला गेला नाही की एका सकाळी वायफायच गायब असतं. आधी आहे त्याच ड्रायव्हरला विचारून पाहू.

---

धारणी_घाट | २२ नोव्हेंबर, दुपारी १:२०

काका, माझाही प्रश्न याच धाग्यात विचारू का? मी मेळघाटात शिक्षक आहे. आमच्याकडे फायबर नाही. फोनचा हॉटस्पॉट लावून लॅपटॉप चालवतो, तोही शाळेमागच्या टेकाडावर फोन ठेवून. मीही दिवाळीच्या सुट्टीत मिंट टाकलं. सकाळी नेट बरं चालतं, दुपारनंतर काहीच उघडत नाही. पूर्वी विंडोजवर दिवस निघायचा. मुलांसाठी कोरकू भाषेतले ऐकायचे धडे उतरवायचे असतात, आठवडाभर तेच लांबतंय.

---

आर्वीचे_काका | २२ नोव्हेंबर, दुपारी ३:०५

सर, जरूर विचारा. तुमचा पॅक रोज १.५ किंवा २ जीबीचा असणार. तो संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्यात आजची वेबसाइट उघडत नाही, नुसतं चाक फिरतं. त्याला आपण 'नेट हळू झालं' म्हणतो, प्रत्यक्षात दिवसाचा शिधा संपलेला असतो.

नवी सिस्टीम टाकल्यावर पहिल्या काही दिवसांत अपडेट फार असतात. मिंट स्वतःहून ते बसवत नाही, पण आपण ढालीच्या चिन्हावर क्लिक करून 'सगळे बसवा' म्हटलं की पाच-सातशे एमबी सहज जातात. ब्राउझरही त्यात येतो, ऑफिसही येतं. फोनमध्ये डेटा वापराचं पान उघडा आणि हॉटस्पॉटने किती खाल्लं ते पाहा. अपडेट रविवारी शहरात गेलात की कुणाच्या वायफायवर करा.

आणखी एक. फोन टेकाडावर ठेवता, म्हणजे लॅपटॉप खाली वर्गात? मग दोन अंतरं झाली, टॉवर ते फोन आणि फोन ते लॅपटॉप. फोन लॅपटॉपजवळ आणणं शक्य असेल तर चार्जिंगच्या केबलने जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. मिंट त्याला तारेचं नेट समजून लगेच घेतं. फोनची बॅटरीही टिकते.

---

मृगबहार | २२ नोव्हेंबर, रात्री ९:३५

काका, मनापासून आभार. बागेतून आलो आणि आधी हेच केलं. आमच्या मामाचा मुलगा कॅमेरे बसवायचं काम करतो, त्याच्याकडून दहा मीटरची केबल आणली.

तारेवर: ३७. तीन वेळा घेतलं, ३७, ३७, ३६.

म्हणजे मिंट निर्दोष. खरं सांगतो, हा आकडा पाहून बहीण पहिल्यांदा हसली. आजचा क्लास तिने राउटरखाली पाटावर बसून तारेवर केला, एकदाही तुटला नाही. पण राउटर सपरीत आहे, तिथून सारखी ये-जा असते, आजी तिथेच झोपते. रोज तिथे बसणं होणार नाही.

कार्ड: आरटीएल८७२३बीई. ड्रायव्हरच्या ओळीतही तेच नाव आहे.

सिग्नल: राउटरपासून तीन फुटांवर -७४. बहिणीच्या खोलीत -८६, मध्येच तुटतं. हा आकडा चांगला की वाईट ते कळत नाही.

---

आर्वीचे_काका | २२ नोव्हेंबर, रात्री १०:१०

सापडलं असं वाटतंय.

आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. राउटरच्या पुढ्यात बसून -३५ ते -४५ यायला हवा. तुमचा -७४ आहे. दर १० च्या फरकाला ताकद दहापट बदलते, म्हणजे ३० च्या फरकाला हजारपट. राउटरसमोर बसून हजारात एक भाग ऐकू येतोय, याचा अर्थ लॅपटॉपने कान चुकीच्या बाजूला लावला आहे.

हे शब्दशः खरं आहे. या कार्डावर अँटेनाची तार जोडायला दोन बारीक पितळी खिटे असतात. लॅपटॉप बनवताना पुष्कळदा एकच तार जोडतात, कधी पहिल्या खिट्याला, कधी दुसऱ्या. कोणत्या खिट्याला जोडली ते चिपच्या आतल्या कायमच्या नोंदीत लिहून ठेवायचं असतं. काही लॅपटॉपमध्ये ती नोंद चुकलेली असते. विंडोजवर कंपनीने दिलेला ड्रायव्हर त्या मॉडेलसाठी जुळवलेला असतो, म्हणून तिथे कधी जाणवलं नाही. लिनक्सचा ड्रायव्हर नोंदीवर विश्वास ठेवतो आणि मोकळ्या खिट्यावर कान लावून बसतो. हवेतून जे थोडं झिरपतं तेवढंच त्याला मिळतं.

यासाठी लिनक्सच्या त्याच ड्रायव्हरमध्ये एक कळ ठेवलेली आहे. तिचं नाव एएनटी, खालची रेघ, एसईएल. ० म्हणजे नोंदीप्रमाणे, १ म्हणजे पहिला खिटा, २ म्हणजे दुसरा.

आधी तात्पुरतं करून पाहा. तार जोडलेली राहू द्या म्हणजे हा धागा वाचता येईल. टर्मिनलमध्ये:

सुडो (म्हणजे मालकाच्या अधिकाराने), मॉडप्रोब, आडवी रेघ आर, मग ड्रायव्हरचं नाव. वायफाय पूर्ण जाईल, घाबरू नका.

मग सुडो, मॉडप्रोब, ड्रायव्हरचं नाव, एक जागा, आणि एएनटी_एसईएल=१. मधली खालची रेघ आहे, आडवी नाही. बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला जागा सोडायची नाही.

वायफाय परत येईल. सिग्नलचा आकडा घ्या. मग हेच दोन्ही पुन्हा, या वेळी =२. ज्याने आकडा -४५ च्या आसपास आला ते तुमचं. मशीन बंद करून चालू केलं की सगळं पूर्ववत होतं, त्यामुळे बिघडायचं काही नाही.

---

मृगबहार | २२ नोव्हेंबर, रात्री १०:५५

१ ने: -७५. काहीच फरक नाही.

२ ने: -४३!!

वेग ३४. त्याच टेबलावर, त्याच खुर्चीत. काका, आत्ता घरातले सगळे झोपलेत आणि मी एकटा या आकड्याकडे पाहत बसलोय. आठ दिवस मी विचार करत होतो की चांगलं चालणारं मशीन मीच घालवलं.

केबलवाल्या दादांनाही उद्या फोन करून सांगतो. ते पहिल्या दिवशी बरोबर बोलले होते आणि मी त्यांच्याशी आवाज चढवला होता.

---

सेवाकेंद्र_दिग्रस | २३ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

लय भारी भाऊ! वाचून मलेच बरं वाटलं. काका, ३७ तारेवर अन् ३४ वायफायवर, म्हंजे आता या कार्डातून याच्यावर निघन का नाही? माह्या मित्राकडं हेच कार्ड हाय अन् त्याचा प्लॅन १०० चा.

---

आर्वीचे_काका | २३ नोव्हेंबर, सकाळी ८:००

मित्राला सांगा, या कार्डाकडून १०० ची अपेक्षा करू नका. हे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि खिटे दोन असले तरी एका वेळी एकच अँटेना वापरतं. नेहमीच्या २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर त्याचा कागदावरचा वेग ७२ एमबीपीएस. त्यातला साधारण अर्धा हातात येतो, बाकीचा वायफायच्या आपसातल्या बोलण्यात जातो. ३४ म्हणजे कार्ड मनापासून काम करतंय. मित्राला जास्त हवं असेल तर त्याने तार ओढावी किंवा ५ गिगाहर्ट्झचं यूएसबी अडॅप्टर घ्यावं, पण घेण्याआधी त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे का ते विचारून घ्यावं.

मृगबहार, आता हे कायमचं करा. इटीसी फोल्डरमध्ये मॉडप्रोब-डॉट-डी नावाचा फोल्डर आहे. त्यात एक नवी फाइल करा, नाव ड्रायव्हरचंच द्या, शेवटी डॉट कॉन्फ. आत एकच ओळ: ऑप्शन्स, जागा, ड्रायव्हरचं नाव, जागा, एएनटी_एसईएल=२. फाइल सुडोने उघडावी लागेल, नाहीतर जतन होणार नाही.

दुसरं, वीज वाचवायची सेटिंग. मिंटमध्ये वायफाय कार्डाला मधेमधे डुलकी घ्यायची मुभा असते. वाचताना फरक पडत नाही, पण क्लाससारख्या सतत चालणाऱ्या आवाजात अडखळतं. इटीसीमध्येच नेटवर्कमॅनेजर, त्यात कॉन्फ-डॉट-डी, तिथे नावात 'वायफाय-पॉवरसेव्ह' असलेली फाइल आहे. त्यात पॉवरसेव्ह समोर ३ लिहिलेलं असेल, ते २ करा. ३ म्हणजे डुलकी चालू, २ म्हणजे बंद. बॅटरी थोडी लवकर उतरेल.

आणि बहिणीच्या खोलीतला आकडा कळवा. खरं काम तिथेच होतं.

---

कपाशी_राळेगाव | २३ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

काका, माझा डीएनएसचा सल्ला इथे लागू नव्हता, पण का नव्हता ते तुम्ही समजावलंत ते फार आवडलं. एक माझाही विचारते. आमच्याकडे २०० चा प्लॅन आहे. मिस्टरांनी डेस्कटॉपवर सिस्टीम बदलली तेव्हापासून तारेवर ९४ च्या वर जात नाही. दहा वेळा घेतलं, ९३, ९४, ९४. जुनी सिस्टीम परत टाकावी का?

---

आर्वीचे_काका | २३ नोव्हेंबर, दुपारी १२:१०

९४ हा आकडा स्वतःच उत्तर आहे, ताई. १०० ची लिंक असली की स्पीड टेस्टला तेवढेच येतात. तुमचं कार्ड आणि राउटर १००० वर बोलू शकत असतील तरी मधली केबल त्यांना १०० वर आणते. १००० साठी केबलच्या चारही जोड्या शाबूत लागतात, १०० ला दोनच पुरतात. उरलेल्या दोन जोड्यांतली एक तार तुटली किंवा तिची पिन नीट बसली नाही की दोन्ही टोकं समजुतीने १०० वर उतरतात आणि नेट चालूच राहतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

सिस्टीम बदलताना डेस्कटॉप सरकवला होता का? सीपीयूच्या मागे केबल ओढली गेली असेल. आधी केबल बदला. सिस्टीम पुन्हा टाकायची गरज नाही.

---

कपाशी_राळेगाव | २३ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:४५

काका! टेबल भिंतीपासून ओढलं होतं. कापसाच्या गंजीमुळे घरात उंदीर झालेत. केबलच्या वरच्या आवरणावर दोन ठिकाणी दात उमटलेत आणि आतली तपकिरी तार उघडी पडली आहे. नवी केबल लावली. १९२.

---

मृगबहार | २३ नोव्हेंबर, रात्री ९:२०

दोन्ही फाइली केल्या. मशीन तीनदा बंद-चालू केलं, सेटिंग टिकून आहे.

बहिणीच्या खोलीत -७०, वेग ११ ते १४. आधी तिथे काहीच लागत नव्हतं, त्यामानाने खूप आहे. क्लास चालला, दोनदा चित्र पुसट झालं पण आवाज गेला नाही.

आमचं घर जुनं आहे. सपरी आणि तिच्या खोलीमध्ये दोन हात जाडीची मातीची भिंत आहे, वर टिनं. राउटर सपरीत लोखंडी कपाटावर ठेवलाय, कारण इन्व्हर्टरची सॉकेट तिथेच आहे. यात अजून काही करता येईल का? भिंत तर पाडता येत नाही, आजोबांनी बांधलेली आहे.

---

आर्वीचे_काका | २३ नोव्हेंबर, रात्री ९:५०

भिंत राहू द्या, कपाट सोडा. लोखंडावर ठेवलेल्या राउटरचा सिग्नल खालच्या आणि मागच्या बाजूला अडतो. त्या भिंतीला दार असेलच. राउटर अशा जागी लावा की दाराच्या चौकटीतून बहिणीचं टेबल थेट दिसेल. दाराच्या उंचीच्या वर नको, टिनांवर आदळून उपयोग होत नाही. इन्व्हर्टरपासून एक्स्टेन्शन ओढा, फायबरची पिवळी तार मात्र काटकोनात वाकवू नका, आत काच असते.

पावसाळ्यात भिंत ओल धरते. २.४ गिगाहर्ट्झला पाणी फार अडवतं, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये आकडा थोडा पडलेला दिसू शकतो. तेव्हा मिंटवर किंवा कार्डावर शंका घेऊ नका.

---

मृगबहार | २५ नोव्हेंबर, रात्री १०:०५

काल तोडीचा माल गेला, आज दुपारी वेळ मिळाला. दाराशेजारी लाकडी खुंटी होती, आजोबा तिला पागोटं अडकवायचे. तिथे फळी ठोकून राउटर ठेवला. टेबल दोन फूट सरकवलं.

बहिणीच्या टेबलावर -५७. वेग २६ ते २९. म्हणजे विंडोजवर होता तितका, आणि तेव्हा तो पुढच्या खोलीत होता.

आज संध्याकाळचा क्लास पूर्ण दोन तास. मी दारातून पाहत होतो. तिने एकदाही स्क्रीनवरच्या कोपऱ्यातल्या वायफायच्या चिन्हाकडे पाहिलं नाही. वहीत गणितं सोडवत होती.

काका, ती म्हणाली तुम्हाला नमस्कार सांग.

---

आर्वीचे_काका | २६ नोव्हेंबर, सकाळी ६:२०

तिला आशीर्वाद. ती दोन फाइलींतली ओळ वहीत उतरवून लॅपटॉपच्या बॅगेत ठेवा. पुढे कधी मिंट नव्याने टाकलंत तर तीच ओळ पुन्हा लिहावी लागेल, ती आपोआप येत नाही.

---

धारणी_घाट | २९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४०

काका, उशिरा कळवतोय. फोनमध्ये पाहिलं, सोमवारी एकट्या हॉटस्पॉटने १.३ जीबी खाल्ला होता आणि माझा पॅक दीडचा. मी रोज सकाळी शाळेत आल्याबरोबर ढालीवर क्लिक करत होतो, कारण नवं मशीन नीट ठेवायचं असं मनात होतं. ते थांबवलं. काल परतवाड्याला गेलो तेव्हा भावाच्या घरी सगळे अपडेट एकदम केले.

टेकाडाच्या बाजूच्या वर्गात खिडकीत फोन ठेवला तर दोन कांड्या मिळतात. तिथे टेबल नेलं, यूएसबी टेदरिंग लावलं. ६ एमबीपीएस. आज कोरकूचे सहा धडे उतरले, पोरांनी मधल्या सुट्टीत तीन ऐकले.